खालच्या खोलीतून आलेला पॅच

पॅच आला तेव्हा मी वरच्या खोलीत पलंगावर बसले होते. मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप. पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या नवऱ्याचं नाव होतं. तो त्या वेळी खालच्या मजल्यावर, बहुतेक माझ्या पलंगाच्या बरोबर खाली बसला होता. त्याच्या खोलीतून निघालेला मेल कुठल्या कुठल्या देशांतल्या सर्व्हरवरून फिरून माझ्यापर्यंत येईस्तोवर खालून त्याच्या खोकल्याचा आवाजही येऊन गेला होता.

सुदामा नगरातलं हे घर सासूबाईंचं. खाली त्या राहतात, वर आम्ही दोघं. लॉकडाऊनमध्ये बेंगळुरूहून आलो ते परत गेलोच नाही. दोघांची कंपनी एकच, आणि कंपनीलाही आम्ही इंदूरहून काम करतो याचं काही वाटत नाही. कंपनी कॅमेऱ्यांच्या चिप बनवते. त्या चिप चालवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, नवरा लिहितो. मी लिहिते कमी, वाचते जास्त. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासणं हे माझं मुख्य काम.

कॉम्प्युटर असो की फोन, त्याच्या आत सगळ्यांत तळाशी एक प्रोग्राम अखंड चालू असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरीतली जागा कोणाला किती द्यायची हे तो ठरवतो. कॅमेऱ्याची चिप फोटो काढते म्हणजे मेमरीत लिहिते, आणि तिला जागा सलग लागते. लग्नाच्या बसमध्ये आठ जणांचं कुटुंब अडून बसतं ना, आम्ही एकत्रच बसणार, इकडे दोन तिकडे तीन चालणार नाही, तसं. ती जागा मागायची कशी, मिळाली नाही तर काय करायचं, काम झाल्यावर परत कशी करायची, एवढंच त्या कोडमध्ये असतं. मागणं सोपं असतं. परत करण्यात लोक चुकतात.

माझ्या एका मैत्रिणीला पुढची सगळी हकिगत सांगितली तेव्हा ती म्हणाली, किती सिम्बॉलिक आहे गं हे. मला ते आवडलं नाही. ज्यांच्या घरी काहीही झालेलं नाही तेही हीच चूक करतात.

आमचा हा कर्नल कोणा एका कंपनीचा नाही. जगभरचे लोक तो मिळून लिहितात. कोणी काही बदल केला की तो पॅच म्हणून एका मेलिंग लिस्टवर पाठवायचा, आणि त्या भागाची राखण ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो सगळ्यांसमोर तपासायचा. डिव्हाइसना मेमरी देणाऱ्या एका छोट्या भागाच्या राखणदारांत माझं नाव आहे. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, त्यामुळे लिस्टवर कोणाला कल्पना नव्हती की हे नवरा-बायको आहेत.

पूर्वी आमची टेबलं वरच्याच खोलीत, पाठीला पाठ लावून होती. पॅच पाठवण्याआधी तो खुर्ची वळवायचा आणि म्हणायचा, "जरा बघ ना हे." मी बघायचे, दोन गोष्टी दाखवायचे, तो हुज्जत घालायचा, मग दुरुस्त करायचा. लिस्टवर जायचा तो स्वच्छ कोड. लोकांना वाटायचं, हा माणूस चुकतच नाही.

दवाखान्यातून मी घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं टेबल खाली नेलं. "तुला आराम पडेल," म्हणाला. शेजारच्या भियाला, इंदुरात दादाला भियाच म्हणतात, हाक मारली आणि दोघांनी मिळून जिन्यावरून ते तिरपं करून उतरवलं. मी पलंगावरून बघत होते. "चार्जर राहिला," एवढं मी म्हटलं.

सातवा महिना होता. सकाळपासून हालचाल जाणवली नव्हती. दुपारी सोनोग्राफीला गेलो. डॉक्टरबाई बराच वेळ ते यंत्र पोटावर फिरवत राहिल्या, मग हळू आवाजात म्हणाल्या, "धड़कन नहीं मिल रही है, बेटा." त्यानंतरही बाळंतपण व्हायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशीपर्यंत चाललं. शेवटी नर्सनं विचारलं, "देखना है?" मी मान हलवून नाही म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंत पोपटी रंगाची होती. माझी मम्मी महूहून आली होती, ती बाहेर होती. पुढचं सगळं नवऱ्यानं आणि माझ्या भावानं केलं. कुठे नेलं ते मी विचारलं नाही आणि कोणी आपणहून सांगितलं नाही. घरात सगळे म्हणत, बाळ गेलं. बाळाचं एवढंच होतं. बाळाला त्रास तरी नाही झाला.

मला वाईट वाटत होतं असं म्हणता येणार नाही. काहीच वाटत नव्हतं. दूध आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ते थांबलं. सासूबाईंनी आधीच डिंक आणून ठेवला होता. त्यांनी लाडू केले आणि डबा माझ्या उशाशी आणून ठेवला. "शरीराला काय माहीत काय झालं ते," त्या म्हणाल्या, "त्याला आपलं द्यायचं. खा." मी खायचे. लाडू संपले की डबा परत भरून यायचा.

सुट्टी बरीच शिल्लक होती. पण सुट्टी घेऊन करायचं काय? पंखा बघून झाला होता. म्हणून मी लॅपटॉप उघडला, आणि काही दिवसांनी तो पॅच आला.

मी तो वाचायला घेतला. कॅमेऱ्यासाठी सलग जागेचे काही तुकडे, म्हणजे बफर, एकामागून एक मागायचे होते. तिसऱ्याच्या वेळी जागा संपली तर कोड सरळ "जमलं नाही" म्हणून बाहेर पडत होता. आधी मिळालेले दोन तसेच अडकून राहत होते. असं पुन्हा पुन्हा झालं तर एक दिवस सगळी मेमरी अशीच अडकून मशीन बंद पडतं. ही चूक नवशिके करतात. हा नवशिका नव्हता.

मी जिन्यात उभी राहून हाक मारू शकले असते. मी उत्तर लिहिलं. लिस्टवर सगळं इंग्रजीत चालतं, आणि इंग्रजीत एक सोय आहे, तू की तुम्ही हे ठरवावं लागत नाही. मी लिहिलं की मधेच अपयश आलं तर आधी घेतलेली जागा परत होत नाहीये, कृपया बघावं.

थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. रिव्ह्यूबद्दल आभार, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. मग तो ताट घेऊन वर आला.

"जेवण."

"ठेव."

"दाल गरम आहे. लगेच खा."

"हो."

तो गेला. पॅचबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही.

दुसऱ्या आवृत्तीत जागा परत होत होती, पण दोनदा. एकदा त्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या त्या भागात, आणि नंतर त्याला बोलावणाऱ्या फंक्शनमध्येही. पहिल्यांदा परत केलेली जागा तोवर दुसऱ्या कोणाला दिली गेलेली असू शकते. म्हणजे दुसऱ्याच्या अंगाखालची चादर ओढून घेतल्यासारखं. मी लिहिलं. आभार, दुरुस्त करतो, असं उत्तर आलं.

त्या दिवसांत मी फक्त त्याचेच पॅच वाचत नव्हते. जे येईल ते वाचत होते, आणि फार चांगलं वाचत होते. हे सांगायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. एरवी कोड वाचताना माझं निम्मं लक्ष माणसाकडे असतं. हा रागावेल का, हा मोठा माणूस आहे, आपलंच चुकलं तर सगळ्यांसमोर हसं होईल. तेव्हा त्यातलं काही मनात येत नव्हतं. घाईही नव्हती, कारण कोड संपल्यावर करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. मी ओळीवर बसायचे आणि ओळ जशी आहे तशी दिसायची. कित्येक वर्षांपासून तिथे असलेली एक चूक मला अशीच सापडली. कितीतरी लोकांनी तो भाग वाचला होता, मी स्वतःही वाचला होता. युरोपातल्या एका मोठ्या राखणदारानं, जो सहसा कोणाला चांगलं म्हणत नाही, लिहिलं की हे नजरेला पडणं सोपं नव्हतं. आमची मॅनेजर बेंगळुरूला असते. ती टीमच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "परत आल्यापासून तू कमाल करते आहेस." लोकांनी टाळ्यांची चिन्हं पाठवली. मी माइक बंद केला आणि लाडू खाल्ला.

तिसरी आवृत्ती आली. या वेळी जागा एकदाच परत होत होती, पण कॅमेरा थांबवण्याच्या आधी. चिप अजून त्या जागेत लिहीत असताना कर्नल ती जागा काढून दुसऱ्याला देऊन टाकतो, चिपला हे कोणी सांगत नाही, ती लिहीतच राहते. मग दुसऱ्या कोणाच्या माहितीवर फोटोचे तुकडे उमटतात. आधी डिव्हाइस थांबवायचं, मग जागा सोडायची, हे आमच्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. हे मी त्याच्याकडूनच शिकले होते.

मी चूक दाखवली आणि शेवटी एक ओळ जोडली: हा कोड पाठवण्याआधी एकदा तरी चालवून पाहिला होता का?

अशी ओळ लिस्टवर लिहायची नसते असं नाही. लोक याहून वाईट लिहितात. मी कधी लिहिली नव्हती. लिहिताना हात थबकला नाही, पाठवल्यावरही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. तिला आमचं सगळं ठाऊक होतं. ती चांगली बाई आहे. थोडं इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "या पॅचसाठी दुसरा रिव्ह्यूअर देऊ का?"

"तुम्हाला ठीक वाटेल तसं करा."

"मी त्यालाही विचारलं. तो नको म्हणाला. तीच करू दे, म्हणाला."

"मग राहू द्या."

"तुम्ही दोघं ठीक आहात ना?"

"हो," मी म्हटलं. मला तेव्हा खरंच वाटत होतं की तो तरी ठीक आहे. तो सब्जी आणत होता, खाली भियाशी क्रिकेटवर बोलत होता, आईंच्या गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर देत होता. रात्री वर येऊन आपल्या बाजूला झोपत होता. आणि त्याचा कोड वाईट होता. या दोन्ही गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

त्यानंतर एका सकाळी सासूबाई जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर येतच नाहीत. पलंगाच्या कडेवर बसल्या, दम घेतला, डब्यात किती लाडू उरलेत ते बघितलं.

"तो खाली नुसता बसून असतो गं," त्या म्हणाल्या. "समोर ते उघडं असतं, पण बटणं दाबतच नाही. बस, बघत राहतो. मी दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा तसाच. तू बोल ना त्याच्याशी."

"बोलते की, आई. रोज."

"कधी? मला तर दिसलं नाही."

"मेलवर."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "एका घरात मेल कशाला? जिना आहे ना अपना."

त्या उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "मला तर कोणी मेलपण करत नाही," आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

चौथी आवृत्ती त्याच दिवशी दुपारी आली. मी उघडली. कॅमेरा आधी थांबत होता, ते बरोबर होतं. पण दुसऱ्या आवृत्तीतली चूक परत आली होती. तीच, त्याच जागी. मी उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. त्याच्याविषयी काळजी वाटली म्हणून नाही. एकच गोष्ट परत लिहायचा कंटाळा आला. मी चपला घातल्या आणि खाली गेले.

तो खरंच नुसता बसला होता. खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर पडत होतं, त्यात काही दिसतही नसेल. सासूबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी दुसरी खुर्ची ओढली.

"तू मुद्दाम करतो आहेस का?" मी विचारलं.

"काय?"

"चुका. मी उत्तर लिहावं म्हणून."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं तो चिडेल, किंवा हसेल तरी. तो म्हणाला, "नाही गं. एवढी अक्कल कुठली. मला खरंच दिसत नाही. ओळ वाचतो, पुढच्या ओळीवर जातो, आणि आधीची काय होती ते राहत नाही. तू लिहितेस तेव्हा कळतं. मग दुरुस्त करायला बसतो, तर जे आधी ठीक केलं होतं तेच बिगडतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला?"

मी पडदा ओढला, स्क्रीन दिसायला लागली. म्हटलं, "मोठ्यानं वाच. एकेक ओळ. मी ऐकते."

तो वाचू लागला. कोड मोठ्यानं वाचणं म्हणजे हास्यास्पद प्रकार असतो, कंस उघडा, कंस बंद. पण त्यानं फरक पडला. चार-पाच ओळींनी मी थांबवायचे आणि विचारायचे, आता या क्षणी जागा कोणाकडे आहे? तो विचार करून सांगायचा. चुकला तर परत वाचायचा. अर्धं फंक्शन झालं असेल, आणि तो मधेच थांबला.

"काय झालं?"

"मधे मधे ते येतं," तो म्हणाला.

"काय येतं?"

"कपडा. नर्सनं हिरव्या कपड्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं ना, तो एकदम पातळ होता. तिथे एसी चालू होता. मी नर्सला म्हटलं, दुसरं काही द्या ना, तिला थंडी वाजेल. ती म्हणाली, भैया, अब क्या ठंड. पण मग तिनं आतून एक चादर आणून दिली."

मी स्क्रीनकडे बघत होते. ते वाक्य माझ्या कानात शिरून एका शब्दापाशी अडलं.

"तिला?" मी म्हटलं.

"हं?"

"तिला म्हणालास तू. मुलगी होती?"

त्यानं मान वळवली. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. "तुला माहीत नाही?"

"नाही."

"नर्सनं नाही सांगितलं?"

"नाही."

"मम्मींनी? आईनं?"

"सगळे बाळच म्हणतात."

ते खरं होतं. ते बाळ. मराठीत मूल ते असतं, कळेपर्यंत. हिंदीत आमच्या मोहल्ल्यातल्या बायका येऊन बच्चा म्हणून गेल्या. नर्सनं विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं, आणि नंतर प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्या कोणीतरी मला सांगितलं असेल. मला स्वतःला हे विचारायचं असतं, हे सुचलं नव्हतं.

"मुलगी होती," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "मुलगी होती गं. मला वाटलं तुला माहीत आहे, आणि तू बोलत नाहीस. म्हणून मीही काढलं नाही."

मी ऐकलं. आतून काहीतरी येईल म्हणून मी थांबले होते, असं आता आठवतं. त्याच्या टेबलाखाली दोन चपला होत्या, एक उलटी पडली होती. मी ती पायानं सरळ केली.

"पुढची ओळ वाच," मी म्हटलं.

त्यानं वाचली. आवाज नीट नव्हता, पण वाचली. मी विचारलं, आता जागा कोणाकडे आहे? त्यानं सांगितलं. बरोबर होतं. आम्ही ते फंक्शन शेवटपर्यंत नेलं. मी सांगायचे नाही, फक्त विचारायचे, टाइप तोच करायचा. मधेच सासूबाई उठल्या, दारात येऊन उभ्या राहिल्या, एकदा दोघांना बघितलं आणि चहा ठेवायला गेल्या. चहा आला तेव्हा त्यानं प्यायला. मग खरा कॅमेरा जोडून, मुद्दाम मेमरी कमी करून, त्यानं कोड पुन्हा पुन्हा चालवला. जिथे जागा संपायला हवी तिथे संपली, आणि घेतलेली सगळी परत आली.

पाचवी आवृत्ती त्यानं खालून पाठवली. मी वर गेले, मेल उघडला आणि तो पॅच पहिल्यापासून परत वाचला, जणू कधी बघितलाच नव्हता. नियम आहे म्हणून नाही, सवय आहे म्हणून. मग खाली ती ठरलेली ओळ लिहिली, की मी हे तपासलं आहे, आणि आपलं नाव. त्या युरोपातल्या माणसानं विचारलं, चौथ्यात आणि पाचव्यात एवढा फरक कसा काय पडला? मी लिहिलं, आम्ही लिस्टबाहेर बोललो. त्यानं पॅच घेतला. पुढे तो कर्नलच्या नव्या आवृत्तीत गेला. आता तो कुठल्या कुठल्या कॅमेऱ्यांत चालत असेल, आणि चालतोय तोवर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. चांगल्या कोडचं असंच असतं.

मी महूला मम्मीकडे गेले ते पाचवी आवृत्ती पाठवल्यानंतरच्या रविवारी. आजोबा फौजेत होते, तेव्हापासून आमचे लोक महूला आहेत. पप्पा गेल्यापासून मम्मी भावासोबत राहते. ती ओट्याशी उभी राहून कणीक मळत होती. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "मम्मी, मुलगी होती."

तिचे हात परातीत थांबले. "हो ना, बेटा."

"मला माहीत नव्हतं."

"म्हणजे?"

"मला कोणी सांगितलं नव्हतं. परवा कळलं."

ती तशीच पिठाच्या हातांनी खाली बसली, फरशीवर. "अगं, मला वाटलं जावईबापूंनी सांगितलं असेल. तू काही विचारलंच नाहीस, मग मी पण..." ती रडायला लागली. दवाखान्यात ती रडली नव्हती, निदान माझ्यासमोर नाही. मी उठून पाणी आणलं, तिच्याजवळ बसले, तिच्या पाठीवर हात फिरवला. माझे डोळे कोरडे होते. मला त्याची लाजही वाटत नव्हती आणि काळजीही. ती रडते आहे, आपण पाठ चोळायची आहे, एवढं कळत होतं.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली तेव्हा मी विचारलं, "तू बघितलं होतंस?"

"बघितलं ना. मी त्यांना थांबवलं, म्हटलं मला बघू द्या. नाक तुझ्या पप्पांचं होतं."

"केस होते?"

"होते. खूप होते."

तिनं हात धुतले, परत धुतले, आणि पोळ्या करायला घेतल्या. बुद्धवंदनेच्या जागी तिनं संध्याकाळी दोन मेणबत्त्या लावल्या. रोज एकच लावते. ती जे म्हणत होती ते मी तिच्या मागे उभी राहून ऐकलं आणि मग बस पकडली.

इंदूरला भंवरकुआंच्या चौकात नवरा स्कूटर घेऊन उभा होता. रविवार असूनही कोचिंग क्लास सुटले होते. पाठीवर बॅगा लावलेली पोरं-पोरी सगळ्या रस्त्यावर पसरली होती, पोह्याच्या ठेल्याभोवती, झेरॉक्सच्या दुकानाभोवती. त्यातून तो मला दिसेपर्यंत वेळ लागला. त्यानं माझ्या हातातली थैली घेऊन पायाशी ठेवली.

"काय म्हणाल्या मम्मी?"

"रडली."

"आणि तू?"

"नाही."

त्यानं मान हलवली. "मला पण येत नाही," तो म्हणाला. "एकदा आलं होतं, स्कूटर चालवताना. मग गेलं."

"केस होते म्हणे."

"हो. काळे. ओले होते, चिकटलेले." त्यानं आपल्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. "इथपर्यंत."

मी मागे बसले. त्यानं स्कूटर सुरू केली, पण गर्दी इतकी होती की निघता येईना. एक मुलगा मोबाइलवर बोलत आमच्या पुढ्यातच उभा होता. हॉर्न दिला तरी हलेना.

"ती जागा बघायची आहे का?" नवऱ्यानं मान न वळवता विचारलं. "लहान मुलांची वेगळी जागा आहे तिथे. झाडं आहेत. माझ्या लक्षात आहे कोणती बाजू ते."

मी विचार केला. खरंच केला, पटकन उत्तर दिलं नाही.

"आज नको," मी म्हटलं.

"ठीक आहे. जब बोलेगी तब."

पुढचा मुलगा बाजूला झाला. अन्नपूर्णा रोडला लागल्यावर त्यानं सांगितलं की सोमवारी तो आणखी एक पॅच पाठवणार आहे, छोटाच आहे, आणि आधी मला दाखवेल. मी म्हटलं, दाखव.